बेरिलच्या मापाचं दार

...आणि चार बोटं म्हणजे किती हो? ही बघा, एवढी. परसदार फक्त चार बोटं रुंद करू द्या, म्हणजे आमच्या बायकोची, बेरिलची, चाकांची खुर्ची बागेत जाईल, एवढंच मागणं. पण छे, कौन्सिलनं अख्खं गाव जुनं म्हणून जतन करायला घेतलंय ना, खिळासुद्धा हलवू देत नाहीत! पुढच्या दाराला तीन पायऱ्या, त्याही जतन. घ्या, तुमची बिअर घ्या, सांगतो.

तर ती कौन्सिलची मिस पेनफोल्ड आली, पायात कोरे करकरीत गमबूट, चौकटीवरून असा हात फिरवते जसं मांजर कुरवाळतेय, आणि म्हणते, "मिस्टर टॅपर, ही सतराव्या शतकातली. तेव्हा माणसंच बारीक होती ना." म्हटलं, बाई, ही मी बसवलीय, एकसष्ट साली, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, पडक्या मेंढवाड्याचं जुनं ओकचं लाकूड आणून. आणि माप? बेरिलच्या दोन हातांत दुधाच्या दोन बादल्या दिल्या, उभी केली, तेवढ्या रुंदीवर खुणा केल्या. काय दिसायची तेव्हा... दूध हिंदकळतंय आणि ही हसतेय. गावात तेव्हा बारा घरी गाई होत्या, आता बारा घरी शनिवार-रविवारचे लंडनवाले. जाऊ द्या.

"पुरावा?" म्हणते. आहे की, चौकटीच्या मागच्या अंगाला आमची दोघांची नावं कोरलीत, सालासकट. "दाखवा." काढू चौकट? "चौकट काढायला परवानगी नाही." बरं, समजा काढली आणि माझं खरं निघालं, तर? तर म्हणे, "मग ते विनापरवाना काम, पूर्वी होतं तसं करून द्यावं लागेल." आता पूर्वी तिथे काय होतं? सलग भिंत! म्हणजे चार बोटं राहिली बाजूला, आहे ते दारही जायचं.

आता काय करतो, रोज सकाळी गुलाबाच्या कुंड्या एकेक आत आणतो, कुंड्या जातात हो त्या दारातून, आणि तिच्या खुर्चीभोवती मांडतो. ती चहा पिते, त्यांच्याशी बोलते. पंच्याऐंशीला आलोय, कंबर मोडते माझी. बाहेर कुंपणापलीकडून पर्यटक लोक दाराचे फोटो काढतात.

काल कुंडी ठेवून जरा टेकलो, तर बेरिल बराच वेळ त्या चौकटीकडे बघत होती. म्हणाली, "चूक माझीच रे, नॉर्मन. तेव्हा बादल्या चार बोटं लांब धरायला हव्या होत्या."