जैतूननं भरलेली काळी शाई

माजं नाव इब्राहिम, गाव वडूजच. आमचे आब्बा कल्हई करायचे. पाठीवर भाता, पिशवीत नवसागर आन कथलाची कांडी, आन आजूबाजूच्या वस्त्या पायी फिरायचे, मी संगती भाता हलवायला. त्यात शाळा चौथीवर राहिली, आन चौथी बी मास्तरांनी पुढं ढकलली म्हणून. तो मोबाईल तुमी मधी ठिवलाय, ताई, तो ऐकतोय व्हय? ऐकू द्या. पर लोक काय बी लिवत्यात आन खाली म्हाताऱ्याचा अंगठा घेत्यात, मी तहसील कचेरीसमोर वीस-बावीस वर्सं बसलोय, लय बघितलंय तसलं.

तर मग इष्टील आलं, कल्हई बसली. मी इष्टोची कामं धरली, पिनीनं बर्नर साफ करायचा, वायसर बदलायचा. घरोघर ग्यास आला, इष्टो बी बसला. मग बाजारच्या दिवशी लायटरात ग्यास भरून द्यायला लागलो. काय सांगू तुमाला, माजा सगळा जल्म रिकामं झालेलं भरून देण्यात गेला, आन दर टायमाला कोणतरी असं काय काढायचा की भरायची गरजच न्हाई, टाका आन नवं घ्या. मला तवापास्नंच वाटतं, ह्ये आपोआप होत न्हाई, कोणतरी बसून ठरवतंय.

कचेरीसमोर झेरॉक्सवाल्यांनी कम्प्युटर आणले तवा त्यांच्या दारात कचऱ्यात काळ्या डब्या पडायच्या, काड्याच्या पेटीपेक्षा जरा मोठ्या. येक उचलली, हालवली, हालकी लागली. तळाला बारीक पट्टी, तिला डोळ्याला दिसत न्हाईत असली भोकं, आन मागल्या अंगाला तांब्याचे ठिपके वळीनं लावलेले. मी इचारलं, ह्ये काय रं? तो म्हणाला, प्रिंटरचं काट्रिज चाचा, शाई संपली, फेकायचं. मी म्हणालो, शाई संपली, भांडं चांगलं हाय की. तो हसला. मग कळलं की सांगलीत येकजण ती भरून देतो. यष्टीनं गेलो, त्येच्या दुकानासमोरच्या टपरीवर दोन दिवस च्या पीत बसलो आन बघितलं. तिसऱ्या दिवशी त्येनंच आत बोलावलं, म्हणाला, आवं बाबा, तुमी पोलिसातलं का कंपनीतलं? मी म्हणालो, कल्हईवाल्याचा पोरगा हाय, हात चालतो माजा. त्येनं शिकवलं, आन मी कचेरीसमोरच्या आमच्या घराच्या पुढल्या खोलीत दुकान घातलं. भला मानूस, आता न्हाई तो.

ती डबी म्हंजे काय, आत स्पंज असतो, स्पंज शाई धरून ठिवतो, तळाच्या भोकांतनं ती कागदावर उडती. आन मागचे ठिपके हायत न्हवं, ते प्रिंटरातल्या बारीक काट्यांना टेकत्यात. तितनं डबी आन प्रिंटर येकमेकाशी बोलत्यात. काय बोलत्यात ते आपल्याला कळत न्हाई, माजा संशय तितंच. काही डब्यांवर चिप असती, तांदळाएवढी. ती आत वाकून शाई बघत न्हाई. किती थेंब उडाले ते मोजती, ठरल्याएवढे झाले की म्हणती संपली. आतमधी शाई डुचमळत असती तरी संपली. आन वर्सा-दोन वर्सांनी नवा प्रिंटर काढायचा, डबी तीच, शाई तीच, फकस्त कडंची खाच जरा सरकवायची, म्हंजे जुनी डबी नव्यात बसू नये. मी कानशीनं घासून बसवायचो. बसायची आन छापायची बी. मग मला सांगा, ती खाच कशापायी सरकवली व्हती?

हे सगळं मी बोलायला लागलो की जैतून हसायची. जैतून म्हंजे माजी बायकू. म्हणायची, तुमाला दुधात पाणी दिसतंय आन पाण्यात बी दूध दिसतंय. पण खरं सांगतो, दुकान तिच्या हातावर चाललं. माजा हात साठीनंतर कापायला लागला, सुई स्पंजात नीट जाईना, शाई उसळून वर यायची. तिनं आयुष्यभर लोकांच्या लग्नात मेंदी काढलेली, कोन दाबायचा अंदाज बोटात व्हता. येका दमात दाबायचं न्हाई, स्पंज पितोय तेवढंच द्यायचं, असं ती मलाच सांगायची, मी तिला शिकवलेलं मलाच. वडूजचं, मायणीचं, पार कोयनानगरच्या कॉलनीतलं मानूस बी डब्या घिऊन यायचं आन इचारायचं, चाची हायत का? मी समोर बसलेला असून. मी म्हणायचो, मी हाय की. तर म्हणायचे, तुमी राहू द्या चाचा, चाची येऊ देत.

तिच्या छातीत कळ आली ती सकाळची. आदल्या दिवसापास्नं अंग मोडलंय म्हणत व्हती, तरी टेबलापाशी काळी डबी भरत बसलेली. रिक्षा दारात आली तरी सुई हातात. मी वराडलो, ठिव ते. तिनं शेवटचा थेंब दिला, तळ ओल्या फडक्यावर टिपला आन म्हणाली, ही लगीच घालू नका, स्पंजाला पिऊ द्या, आल्यावर बघू. साताऱ्याला न्हेलं. पाच दिवसांनी आणली ती मातीसाठीच. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आमचाच उशीर का त्यांचा, ते कोण सांगणार. ते जाऊ द्या.

घरी आलो तर डबी टेबलावर तशीच. मी ती चिकटपट्टीत गुंडाळली आन कपाटात तिच्या साड्यांखाली ठिवली, वाळू नये म्हणून.

आमच्यात मानूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी जेवण घालत्यात, चाळिसावा म्हणत्यात त्येला. त्याला जेवायला बोलावायचं तर घरोघर जाऊन चिठ्ठी हातात द्यायची, आमच्या गल्लीत तरी तशीच चाल हाय. मी ठरवलं, चिठ्ठ्या छापायच्या तर त्याच डबीतल्या शाईनं. तिनं भरलेली शेवटची. तिच्या जेवणाची चिठ्ठी तिच्या हातच्या शाईनं जाईल, त्यापरीस मला दुसरं काय करता येत व्हतं? कुराण वाचायला मला मौलानाकडं जावं लागतं, डोळं बी न्हाईत. हे येक माजं काम व्हतं.

माजी पोरगी रुखसाना आन जावई सलीम विट्यास्नं आलेले, चाळिसाव्यापातुर ऱ्हायले. सलीमचं मोबाईलचं दुकान हाय, लय हुशार. तो म्हणाला, मामू, चिठ्ठ्या कशाला, मोबाईलवर येका बटणात सगळ्यांना जाईल. मी म्हणालो, तुज्या सासूला काय बटण दाबून आणली व्हती व्हय? त्येनं मोबाईल खिशात घातला. पण येक दिवस त्येनं सांगलीस्नं नवा प्रिंटर आणला, त्याला डबीच न्हाई, कडंला टाक्या, बाटलीनं शाई वतायची. म्हणाला, आता सुई नको, काय नको. मला काय वाटलं माहितीय? वाटलं, ह्येला म्हाताऱ्याचं दुकान मोडायचंय, जागा कचेरीसमोरची हाय.

चाळिसावा पाच दिवसांवर आला. कपाटातनं डबी काढली, पट्टी सोडवली, जुन्या प्रिंटरात घातली. दिवा लाल, लुकलुक. कम्प्युटरवर आलं, काट्रिज ओळखू येत न्हाई. बाहेर काढलं, ठिपके खोडरबरानं घासले, स्पिरिटानं पुसले, परत घातलं. ओळखलं. कागुद घातला, आवाज झाला, कागुद बाहेर आला तो कोरा. दुसरा घातला, कोरा. दहा कागुद कोरे गेले आन माजं डोकं फिरलं.

मी डबी घिऊन सराफाकडं गेलो. तो माजा दोस्त, लहानपणचा. म्हणालो, ही काट्यावर टाक, आन ही रिकामी बी टाक. तो म्हणाला, इब्राहिम, हिथं सोनं मोजत्यात. मी म्हणालो, माज्यासाठी सोनंच हाय, टाक रं. टाकली. भरलेली जड, चांगली जड. म्हंजे शाई आत हाय. मग कोण म्हणतंय न्हाई म्हणून? घरी येईपातुर माजा हिशेब झाला व्हता: सलीमनं मागल्या आठवड्यात जुना प्रिंटर नेटला जोडला, त्या नेटातनं कंपनीला कळलं की ही डबी घरी भरलेली हाय, कंपनीनं तितनं बंद केली. आन जोडलं कोणी, सलीमनं. का, तर नवा प्रिंटर चालावा म्हणून.

दारातनंच बोललो. रुखसाना पोळ्या लाटत व्हती. म्हणालो, सलीम, तू चोर हायस. माज्या बायकूची शाई चोरलीस. रुखसानाच्या हातातलं लाटणं थांबलं. सलीम उठला, चप्पल घातली, आन बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिला. रुखसाना म्हणाली, आब्बा, आम्मा गेली तवा तुमी रडला न्हाईत, तुमचे जावई चोवीस तास तुमच्या उशाला बसून होते, तुमचं काय बिघडायला नको म्हणून. तुमाला ते चोर दिसले? मी म्हणालो, मग डबी कोरी का छापती ते सांग.

तिनं कराडच्या पवारला बोलावलं. पवार प्रिंटरचा मेकॅनिक, चाळिशीतला, जैतूनच्या हातच्या डब्या घेऊन जायचा, तिला आक्का म्हणायचा. आला, बसला, पाणी पिला, डबी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. वरच्या लेबलावर बोट फिरवलं, म्हणाला, चाचा, ही पट्टी कुणी मारली?

मी तळाची पट्टी काढली व्हती, मागची काढली व्हती. वरची लेबलाला अशी बसलेली की मला दिसलीच न्हाई. म्हणालो, मीच, वाळू नये म्हणून. पवार म्हणाला, आवं चाचा, वरच्या भोकातनं वारा आत गेला न्हाई तर शाई खाली कशी यील? हे तुमीच मला शिकवलंय, ह्याच टेबलावर.

खरं हाय, ताई. वीस वर्सं मी पोरांना हेच सांगितलं, सगळं बंद करा, वरचं बारीक भोक बंद करू नका. आन ते भोक माज्याच हातानं बंद केलेलं. कंपनीवर आळ घेतला, जावयावर घेतला, डॉक्टरवर घेतला, आन पट्टी माजी. मी खाली बसलो. तवा रडू आलं, ती गेल्यापास्नं पयल्यांदा, त्या पवारसमोर, लाज बी न्हाई वाटली.

पवारनं नखानं पट्टी सोलली. तळाला पट्टीचा गोंद धरलेला, तर रुखसानानं गरम पाण्यात फडकं पिळून दिलं, त्येनं डबी त्यावर धरली, थोडी, पुन्हा थोडी. मग फडक्यावर काळी रेघ उमटली, सरळ, जाड.

सलीम अजून बाहेरच, समोरच्या कट्ट्यावर बसलेला. मी गेलो. म्हणालो, चल, चिठ्ठी जुळव, मला कम्प्युटर येत न्हाई. तो आला, खुर्ची वढली आन जुळवली. वाचून दाखवली, जैतूनचं नाव, दिवस, घर, आन खाली बोलावणारा म्हणून माजं येकट्याचं नाव. मी म्हणालो, तुजं बी घाल. तो म्हणाला, राहू द्या मामू, घर तुमचं हाय. मी म्हणालो, मी तुला भर दारात चोर म्हणालो, सगळ्या गल्लीनं ऐकलं, आता सगळ्या गल्लीच्या हातात तुजं नाव माज्या शेजारी जाऊ दे. घाल. त्येनं घातलं. येका कागदावर चार चिठ्ठ्या, काळ्याभोर आल्या, रुखसानानं कातरीनं कापल्या, आन सलीम आन मी दोघांनी मिळून वाटल्या. येका दारात येक म्हातारी म्हणाली, जावई लय गुणाचा हाय तुमचा. मी म्हणालो, व्हय.

चाळिसावा झाला, मानसं जेवून गेली. ती डबी अजून प्रिंटरातच हाय. रुखसाना म्हणत व्हती, आब्बा, काढून ठिवू या, आम्माची आठवण. मी न्हाई म्हणालो. ठिवली की आत वाळून दगूड होती. लोकांचे उतारे, दाखले तिच्यातनंच काढतो. परवा येक बाई पेन्शनचा अर्ज घिऊन गेली, तिला काय ठाऊक कुणाच्या हातची शाई, मी बी सांगितलं न्हाई. कम्प्युटरवर रोज येतंय, शाई संपत आली, नवी घ्या. मी त्येचं ऐकत न्हाई, कंपनीवर माजा तसूभर इस्वास न्हाई, तो बसायचा बी न्हाई. ह्या दोन दिसांत अक्षराची कड जरा पुसट यायला लागलीय, ती मात्र मी बघितलीय. संपंल तवा संपंल. अल्ला तुमच्या घरातल्या समद्यांना बोलतं-चालतं ठिवू दे, ताई. तुमचा कसला कागुद काढायचा असला तर आजच काढून घ्या, अजून चार-सहा निघतील.