सड्यावरचा वाटाड्या

ऐका. सरका जरा जवळ, आणि तो रेडिओ बंद करा.

आपल्या दवाखान्यात संजीवनी नर्स होती, आठवते? नांदेडकडची. तिचे आईवडील राहायला आले होते. वडील व्यंकटराव. भारी हौस त्यांना, नवा मुलूख बघायची! आज धबधबा, उद्या बंदर, परवा देवराई. जेवायला तेवढे घरी.

त्या दिवशी मात्र निघायलाच उशीर झाला. वर सड्यावर कातळात कोरलेली चित्रं आहेत ना, ती बघायची होती. दिवस बुडाला तरी हे चालतायत! सडा म्हणजे नुसता काळा माळ. झाड नाही, घर नाही.

मोठा मासा कोरलाय, तो सापडला. बाटलीतलं पाणी प्यायले, बाटली तिथंच विसरले. वळतात तर समोर घोंगडीवाला माणूस.

"पाव्हणे, हत्ती राहिला की. या."

गेले. हत्ती होता! "आता वाघ बघा." वाघही होता. आणि वाघाच्या शेजारी काय? मासा. माशावर बाटली!

"अहो, आपण इथूनच निघालो ना?"

"छे, हा दुसरा मासा."

"मग बाटली कुणाची?"

व्यंकटराव घाबरून घराकडे निघाले.

समुद्राची गाज डावीकडून येत होती. व्यंकटराव वळले. तरी डावीकडून. उलटे वळले. डावीकडूनच! गावातले दिवे दिसले म्हणून तिकडे निघाले, तर दिवे वर वर जायला लागले. अहो, चांदण्या त्या!

मागं बघतात तर माणूस गायब. त्याच्या जागी बायको, कौसाबाई! "चला, तिकडं तळं हाय. बघून जाऊ."

आता कौसाबाई कशी? आल्यापासून समुद्रसुद्धा बघितला नव्हता तिनं. ती म्हणते तळं बघू? पण मन म्हणतं, बायकोच आहे, शोधत आली असेल. निघाले की हो तिच्या मागं!

मग थबकले. "कौसे, नातवाचं नाव काय ठेवलं आपण?"

"चला ना."

"नाव सांग!"

"चला ना, चला ना, चला ना..." आवाज तिचाच. पण ओठ हलेनात!

मटकन खाली बसले. डोळे मिटले, कातळ घट्ट धरला. ती कानाशी बोलतेय. मग लेकीच्या आवाजात. मग त्यांच्या स्वतःच्या आवाजात! "व्यंकट, ऊठ, चल."

रात्र झाली तरी घरी आले नाहीत, म्हणून आम्ही गावातली चार माणसं बॅटऱ्या घेऊन शोधायला गेलो. हाका मारल्या तर म्हातारा ओरडतो, "मला काही बघायचं नाही!" खरं कोण, खोटं कोण, त्याला कळेचना. मी हात लावला, तर लाथ घातली मला! शेवटी कौसाबाईला वर आणलं. धापा टाकत ती म्हणाली, "भाकरी गार झाली. येताव का टाकू कुत्र्याला?"

तेव्हा कुठं डोळे उघडले. रडले हो, लहान पोरासारखे. आम्ही त्यांच्या पुढ्यात बॅटरी मारली. चिरे काढून सोडलेली जुनी खाण, काठोकाठ काळं पाणी. उठून एक पाऊल टाकलं असतं, तर संपलं होतं.

म्हणून सांगतो, दिवस कलल्यावर सड्याची वाट धरू नका. गेलातच, आणि कुणी काही दाखवतो म्हणालं, तर आहात तिथं बसा. उजाडेपर्यंत उठू नका. मी हाक मारली, तरी उठू नका.