पस्तीस मिनिटं

बाई : ‘विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, बाई. गोष्टी सांगत बसू नका.’ शाळेच्या दारात पाऊल टाकता टाकताच तपासणीचे साहेब असं म्हणाले होते, मावशी. अजून कानात आहे माझ्या. आणि मी नेमकी गोष्टच सांगत बसले.

मावशी : त्याला झाले दोन महिने. आता हे पातेलं धरा त्या बाजूनं. टेम्पो येईल तासाभरात. मोठ्या शाळेत काय काय जमा करायचंय ते यादीत लिहिलंय ना?

बाई : पातेलं एक. झाकण एक. पळ्या दोन.

मावशी : पळी एकच. दुसरीचा दांडा तुटला तेव्हा तुम्हीच म्हणालात, टाकून द्या.

बाई : मग खोडते. ताटल्या तीस.

मावशी : पोरं नऊ आणि ताटल्या तीस. एके काळी याही पुरायच्या नाहीत. पहिल्यांचं जेवण उरकेपर्यंत मागचे दारात ताटकळायचे, आणि मी इथून ओरडायचे, अरे चावा, गिळू नका.

बाई : तिसांची नऊ झाली त्यात माझा दोष नाही. लोक कामामागे गेले, घरांना कुलपं लागली. ते मी देवासमोरही सांगेन. पण या नऊ मुलांची शाळा गेली ती माझ्या तोंडानं.

मावशी : रोज तेच तेच काय, बाई? कुलूप तुम्ही लावलंत का? वरून हुकूम आला.

बाई : हुकमात काय लिहिलंय ते वाचलंत?

मावशी : मला कशाला कोण वाचायला देतंय?

बाई : ‘दोन शाळांमधलं अंतर पायी पाऊण तासाच्या आत असल्यामुळे ही शाळा मोठ्या शाळेत विलीन करण्यात येत आहे.’ अंतर पाऊण तासाच्या वर भरलं असतं, तर निदान पहिली-दुसरी इथंच ठेवायची, असा नियम आहे. आणि अंतर त्यांनी कुणाला विचारलं? मला. मी काय सांगितलं?

मावशी : पस्तीस मिनिटं.

बाई : तुम्ही ऐकलंत?

मावशी : मी इथंच होते की, पळी हातात घेऊन. साहेबांनी एवढंच विचारलं, मोठ्या शाळेपासून इथवर पायी किती वेळ लागतो. तुम्ही पदर सावरलात आणि सुरू झालात. ‘त्या शाळेच्या समोरच माझं घर, साहेब. सव्वीस वर्षं रोज पायी येते. ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही. देवाचं नाव घेत निघते ती पस्तीस मिनिटांत फळ्यापाशी.’ वर रोज पायी येता म्हणून मिळालेल्या त्या भिंतीवरच्या मानपत्राकडे बोटही केलंत.

बाई : पुरे.

मावशी : पुरे तर पुरे. ते मानपत्र यादीत धरलंय, का घरी न्यायचंय?

बाई : कपाटात उलटं ठेवलंय. मावशी, ते स्टूल ओढा आणि बसा जरा. टेम्पो यायच्या आत मला एक सांगायचंय. म्हणूनच दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही सामान काढायला.

मावशी : बसले. सांगा.

बाई : मी रोज पायी येत नव्हते.

मावशी : हं.

बाई : आधी येत होते. ते खोटं नाही. तरुण होते, पाय वाऱ्यासारखे चालायचे. पस्तीस मिनिटं ही तेव्हाची. पण तीन वर्षं झाली, गुडघ्यांनी दावा मांडला. मग चढ सुरू होतो तिथं उभी राहायचे. दूधवाला त्याच्या गाडीत घ्यायचा...

मावशी : आणि वळणाच्या अलीकडे सोडायचा. चढ गाडीत, उतार गाडीत, आणि शाळेतून दिसतं तेवढं शेवटचं वळण पायी.

बाई : तुम्हाला कुणी सांगितलं?

मावशी : तुमच्या पिशवीनं. इतकी वर्षं तिला खडूचा वास यायचा, मग एकाएकी दुधाचा यायला लागला. आणि सांगायला कशाला हवं? वळणावर गाडीचा आवाज आला की पोरं खेळ टाकून रांगेत उभी. ‘बाई उतरल्या, बाई उतरल्या.’

बाई : मुलांनाही ठाऊक होतं?

मावशी : पहिलीतल्यांनासुद्धा. एकदा एक नवी मुलगी तुम्हाला विचारायला निघाली होती. चौथीतलीनं तिला कोपऱ्यात घेऊन दम भरला, ‘बाईंना विचारायचं नाही हं. त्यांना वाईट वाटतं.’

बाई : म्हणजे मी रोज फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ लिहायचे, आणि सगळा वर्ग माझी लाज झाकून बसायचा.

मावशी : अक्षर मात्र सुरेख काढायचात.

बाई : थट्टा नको, मावशी. सकाळी देवापुढे बसते, नाव घेताना मोजते. पस्तीसपाशी आले की जीभ अडते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, पुन्हा तिथंच अडते. दोन महिने माझा नेम पुरा झालेला नाही. साहेबांनी काही मला दरडावलं नव्हतं. चहाचा पेला हातात घेऊन साधं विचारलं होतं. ‘हल्ली गाडीनं येते’ म्हणायला किती वेळ लागला असता?

मावशी : मग माझंही ऐका. साहेब लिहीत होते तेव्हा मी बोलायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आला होता. वाटलं, परक्या माणसासमोर बाईंचा पाणउतारा माझ्या हातून नको. आणि शाळा जाईल हे कुणाच्या मनात होतं? मला आपलं वाटलं, एवढं भराभर लिहून घेतायत म्हणजे बाईंना बढतीच देतायत. मी तर पोरांना एकेक पळी जास्त वाढली त्या दिवशी.

बाई : तुमची चूक माझ्यामुळे झाली. ती तुमच्या नावावर नाही.

मावशी : नावावर कुणाच्या का असेना, घरी कोण बसलंय? माझी नात. तुमच्यासाठी गप्प बसले आणि ती फेडतेय.

बाई : मुंगी अजून येत नाही म्हणते का?

मावशी : ती कुठं नाही म्हणते? सून पाठवत नाही. आणि मी तिला दोष देत नाही. चार दिवस गेली. पाचव्या दिवशी मोठी पोरं भराभर पुढे गेली, ही चढावर एका दगडावर बसून राहिली. सात वर्षांचं पोर. दूधवाल्याला परतताना दिसली म्हणून बरं. सून म्हणाली, पाय वाढू देत, मग बघू शाळेचं. तीन आठवडे झाले आज.

बाई : त्या दिवशी मोठ्या शाळेत, नव्या वर्गात हजेरी मीच घेत होते. तिचं नाव घेतलं. कुणी ‘हजर’ म्हणालं नाही. दोनदा घेतलं. मोठी मुलं म्हणाली, येतेय मागून. मी पुढचं नाव घेतलं.

मावशी : हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

बाई : आज सगळंच सांगायला बसलेय.

मावशी : सांगून तुमचं मन हलकं होईल, बाई. मुंगीचा रस्ता कमी होणार नाही.

बाई : माहीत आहे. हा कागद पाहा. त्या अंतराबद्दल हरकत घ्यायला परवापर्यंत मुदत आहे. साहेबांना पत्र लिहिलंय. ‘मी सांगितलेली वेळ खरी नव्हती. गेली तीन वर्षं मी बराचसा रस्ता वाहनाने येत होते. आपण माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात, त्यामुळे मुलांचं नुकसान झालं. याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.’

मावशी : हे असंच पाठवणार?

बाई : असंच.

मावशी : अहो, ते साहेब दर महिन्याच्या सभेत आलेली पत्रं वाचून दाखवतात. दीडशे मास्तर-मास्तरणी बसलेल्या असतात. त्यातल्या निम्म्यांनी तुमच्या मानपत्राला टाळ्या वाजवल्यात.

बाई : वाचू देत.

मावशी : निवृत्तीला सहा महिने उरलेत तुमच्या. गुपचूप काढले असते तर कुणाला कळलं असतं?

बाई : तीन वर्षं गुपचूपच काढली ना? एका वर्गाला, तुम्हाला आणि दूधवाल्याला कळलं तेवढं कमी आहे का?

मावशी : मग हा रकाना कोरा कशाला ठेवलाय?

बाई : तिथं खरी वेळ लिहायची आहे. लहान मुलाच्या चालीनं. साहेबांच्या कचेरीत विचारून आले, शिक्षकानं स्वतः बरोबर चालून, घड्याळ लावून, सही करून दिली तर ते फेरविचार करतात. पण मावशी, ती वेळ मला ठाऊकच नाही. सव्वीस वर्षांत मी एकदाही मुलाबरोबर तो रस्ता चालले नाही. मी पोचायचे तेव्हा मुलं इथं रांगेत असायची. त्यांच्या पायांना चढ कसा लागतो, हे मी कधी पाहिलं?

मावशी : मग मुंगीला घेऊन जा. उद्याच जा. तिला सांगून ठेवते मी, रमतगमत चाल, फुलं वेच, दोन-चारदा बस.

बाई : नाही.

मावशी : का नाही? तिच्याच भल्यासाठी.

बाई : एकदा माझ्या ताठ्यासाठी वेळ कमी सांगितली. आता मायेपोटी जास्त सांगायची? मग मी सुधारले कुठं? तिला काही शिकवून ठेवू नका. तिला चालू दे तशी.

मावशी : आणि चव्वेचाळीस मिनिटं भरली तर?

बाई : तर चव्वेचाळीस लिहीन.

मावशी : म्हणजे तुमचं खरं बोलणं झालं, आणि माझी नात घरी ती घरीच.

बाई : घरी नाही. चव्वेचाळीस भरली, तर दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी तुमच्या दारात येईन आणि तिला नेईन. संध्याकाळी आणून सोडीन.

मावशी : या गुडघ्यांनी? चार खेपा?

बाई : बसत बसत. आणि निवृत्तीनंतरही. तिचे पाय वाढेपर्यंत.

मावशी : बोलायला काय जातंय? देवापुढे हात जोडून म्हणाल, आणि एखाद्या सकाळी गुडघा धरला की देवालाच समजावाल.

बाई : देवाला सांगतच नाही मी. तुम्हाला सांगतेय.

मावशी : मग मलाच द्या वचन. तुमचा देव मायाळू आहे, दरवेळी पोटात घालतो. मी घालणार नाही. एक दिवस चुकलात तर रस्त्यात उभी राहून चारचौघांत विचारीन.

बाई : विचारा. माझं वचन आहे तुम्हाला.

मावशी : हं. उठा आता, टेम्पोचा आवाज येतोय. त्या ताटल्या मी घेते. तुम्ही तेवढा नकाशा गुंडाळा, आणि तो कागद नीट ठेवा पिशवीत. घडी पडलीय बघा कोपऱ्याला.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. मावशींच्या घराचं दार.)

मावशी : आलात? मी वळणाकडे डोळे लावून होते. गाडी पुढे निघून गेली, तुम्ही दिसला नाहीत. म्हटलं, झालं.

बाई : चालत आले. सत्तर मिनिटं लागली. दोनदा बसले. तेही पत्रात लिहिणार.

मावशी : पाणी घ्या आधी. सून दप्तर भरतेय. तिला काही पटलेलं नाही, पण आज एक दिवस म्हणाली. मुंगे, ये बाहेर. बाई आल्यात.

मुंगी : बाई, खरंच तुम्ही मला न्यायला आलात?

बाई : हो गं. येतेस ना?

मुंगी : आजी म्हणाली, तुम्ही घड्याळ लावणार. शर्यत आहे?

मावशी : मी एवढंच सांगितलंय हं, बाई. बाकी चकार शब्द नाही.

बाई : शर्यत नाही, बाळा. तुला किती वेळ लागतो एवढंच बघायचंय.

मुंगी : मला पळता येतं. मी सगळा रस्ता पळत जाऊन दाखवते. मग तुम्ही सगळ्यांना सांगाल, मुंगी सगळ्यात आधी पोचली.

मावशी : बघा. आता काय करता?

बाई : मुंगी, इकडे बघ. परवा शाळेत जायचं असतं आणि मी बरोबर नसते, कुणी बघायला नसतं, तर कशी चालली असतीस?

मुंगी : हळू. चढावर पाय दुखतात.

बाई : मग तशीच चाल.

मुंगी : दमले तर?

बाई : बस.

मुंगी : तुम्ही रागावणार नाही? मग सगळ्यांना सांगणार, ही दमते म्हणून?

बाई : सांगणार. पण आधी सांगणार, मीसुद्धा दमते म्हणून. माझं नाव वर, तुझं खाली.

मुंगी : तुम्ही दमता? तुमचं तर मानपत्र होतं.

बाई : होतं.

मावशी : सात वाजून बारा मिनिटं झाली, बाई. लिहून घ्या. आणि मुंगे, बाईंचा हात सोडू नकोस चढावर. त्यांच्यासाठी सांगतेय.

मुंगी : चला बाई. तुम्ही पुढे व्हा, तुम्हाला रस्ता येतो.

बाई : नाही, तू पुढे हो. मी तुझ्या मागून येते.