ठकू काय म्हणाली

हॅलो?… हॅलो… हो, मीच. बोल गं पोरी… नाही, तू नको बोलूस, आधी माझं ऐक. आज जे झालं ना, ते कुणाला सांगितलं तर बापजन्मी विश्वास बसायचा नाही. तुझाही बसणार नाही… बसली आहेस की आडवी?… मग आडवीच राहा. पायाखाली उशी आहे ना?… असू दे तिथेच. आणि फार हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. पोट हलतं.

अगं, तुझी लेक. दुसरं कोण? सकाळी ते ढेरपोटे मास्तर आले होते, पँटची कंबर सैल करून घ्यायला… हो, तेच, दर वर्षी दोन बोटं वाढणारे. मी टेप लावली त्यांच्या पोटाला, तर टेप पुरेना. आणि ही ठकू बसलेली कापायच्या टेबलाखाली, बटणं मांडत. तिथून मान बाहेर काढून म्हणते कशी, काका, तुमच्या पोटातपण बाळ आहे का?… हो ना… अगं ऐक ना पुढे. मास्तर म्हणाले, नाही गं बाई. तर म्हणते, मग डॉक्टरांना माहीत नसेल. माझी आई झोपून असते आणि तुम्ही उभे? रागावतील तुम्हाला.

काय सांगू तुला, मास्तर इतके घाबरले की घरी गेले ते थेट पलंगावर. बायकोला म्हणाले, माझ्याही पायाखाली उशी दे. अजून उठले नाहीयेत म्हणे.

कोणते म्हणजे?… हो, ते मुलाकडे राहायला गेले खरे. मागच्याच वर्षी… आले की परत. पँटसाठी आले. चांगल्या शिंप्यासाठी माणसं कुठून कुठून येतात, तू बापाला समजतेस काय?

तिला?… आत्ता?… आत्ता ती अंघोळ करतेय… हो, दुपारचीच. कालची राहिली होती. थांब, झाली का बघतो.

(रिसीव्हरवर हात ठेवून) ठकू. ए ठकूबाई. आईचा फोन आहे, ये टेबलाखालून बाहेर… बरं, नको येऊस, तिथूनच बोल. नुसतं 'आई' म्हण… मान काय हलवतेस? मान तिला दिसते का? गेली तुझी आई दवाखान्यात, तेव्हापासून मिठाची गुळणी धरून बसली आहेस. माझ्याशी नाही, बाबाशी नाही, खिडकीतल्या मांजरीशी नाही. माझं राहू दे गं, तिच्यासाठी एक शब्द… ती शिंपल्याची मोठी बटणं देतो. डबीसकट… ओठांवरचा हात तरी काढ. बरं. बरं, नको रडूस.

हॅलो… हां, अंगाला साबण आहे तिच्या. म्हणते, आईला सांगा, मी सध्या फेसाची आहे… बघ ना. कुठून सुचतं या वयात कोण जाणे. काल तर माझा दातांचा पेला बघून विचारते, आजोबा, तुम्ही झोपलात की हे एकटेच हसतात का? आणि आपला तो पुतळा आहे ना, बिनडोक्याचा, कपडे अडकवायचा? त्याच्यासमोर घास धरून उभी. म्हटलं, ठकू, त्याला तोंडच नाही. म्हणते, म्हणूनच तर केव्हाचा उपाशी असेल.

हसलीस ना?… नाही?… का गं?… अगं खरंच म्हणाली. तुझ्या गळ्याची शप… बरं, शपथ नको. डॉक्टरांनी शपथा घालायला बंदी केलीय का तुझ्यापुढे?

खडखड?… नाही, खडखड कसली… ती होय, बटणांची. ठकू ओततेय डबी.

…हो, अंघोळच करत होती. झाली. पटकन झाली.

आता कशाला देऊ, आता तिला झोप आलीय… बटणं ओतता ओतताच झोपते ती. अगं पोरी, तू दर वेळी हट्ट काय धरतेस? मी सगळं सांगतोय ना? एकही शब्द गाळत नाही.

…काय म्हणालीस?

…कुणाचा फोन आला होता?

बालवाडीच्या बाईंचा. कधी?… दवाखान्यात? त्यांना नंबर कुणी… हं. हं… बाईंना काय कळतंय? वर्गात पोरं किती, त्यात एक गप्प बसलं तर आनंद मानावा, की… नाही, मी विषय बदलत नाहीये… नाही… अगं हो, पण…

…

हो.

हो गं. एक शब्दसुद्धा नाही.

मास्तर? मास्तर आलेच नव्हते. दातांचंही मीच. पुतळ्याचंही मीच. डबी कलंडली तीही माझ्याच हातून… रोजचं सगळं मीच. सकाळी चहा पिता पिता जुळवून ठेवायचो, तुझा फोन यायच्या आत. जावईबापूंना सांगायचं होतं तुला, त्यांनाही मीच गप्प बसवलं. डॉक्टरांनीच बजावलं होतं ना, हिच्या कानावर काळजीचं काही… हॅलो? हॅलो, काय करतेस? कसला आवाज झाला तो?… पाय खाली सोडलेस? वर घे. आधी पाय वर घे, पोरी. काही घरी वगैरे यायचं नाही. चादर ओढ आणि मला सांग, ओढली म्हणून… नर्सबाई आहेत का तिथे? त्यांना दे फोन… बरं, नको देऊस. पण पाय वर.

घेतलेस?… शप… बरं.

आता विचार काय विचारायचं ते. खरंच सांगेन… हो, दाखवलं की. घसा बघितला, कान बघितले, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ काढली तिनं, चांगली हातभर काढली, पण आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. मनात काहीतरी धरून बसलीय… जेवते. कमी जेवते. ताटलीसुद्धा अलगद ठेवते, पावलं चवड्यावर टाकते. आज सकाळी हातातून कात्री पडली माझ्या, तर कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरली. ती तिथेच आहे अजून. मी म्हटलं, आई आठवत असेल. येईल आपोआप ताळ्यावर.

कधीपासून म्हणजे, तू गेलीस त्या संध्याकाळपासून. दार धरून बसली होती ना. तुझी गाडी कोपऱ्यावरून वळली, तरी दाराची कडी सोडेना.

…मी? मी काय सांगणार? रडत होती, समजूत काढली… काहीतरी म्हणजे गोष्ट सांगितली एक. मुलांना गोष्टच कळते. तुलाही लहानपणी… हो, सांगतो, शब्द न शब्द सांगतो. ती विचारत होती, आई का गेली? तेव्हा बोलत होती अजून, हुंदक्यातून. तर मी म्हटलं, बघ ठकू, आईच्या पोटात बाळ झोपलंय. फार कच्च्या झोपेचं बाळ आहे. आवाज झाला की दचकून उठतं, आणि एकदा उठलं की वेळ व्हायच्या आत बाहेर यायला धडपडतं. म्हणून आई अशा घरात गेलीय, जिथे सगळे हळू चालतात, नर्ससुद्धा कापसाचे बूट घालतात. आणि त्या बाळाचे कान म्हणजे असे तिखट, की इथे आपण शिंकलो तरी तिथे त्याला…

…

…हॅलो?

आहे. आहे गं, फोनवरच आहे.

मीच बोललो आणि मलाच आत्ता ऐकू आलं.

…काय? हळू सांग, रडू नकोस. त्या दिवशी काय?… ती ओरडत होती? लाल बूट कपाटावर ठेवलेस म्हणून?… पाय आपटून… आणि तेव्हाच तुला कळ आली. तिच्यासमोर. ओट्याला धरून खाली बसलीस, ती बघत होती… अगं मग मला सांगायचं नाही का? म्हणजे तिला वाटलं की… आणि वरून मी तिला… अरे देवा.

नाही, तुझी चूक नाही. तू कळ सोसायची की गोष्टी सांगायच्या? बापाचं तोंडच नडलं इथे. आयुष्यभर गिऱ्हाइकांना थापा मारल्या, उद्या देतो, परवा देतो, त्यानं कुणाची फक्त पँट अडली. इथे पोरीचा आवाज गेला.

थांब. फोन ठेवू नकोस. वायर पुरते टेबलापर्यंत.

(रिसीव्हर छातीशी धरून) ठकू, इकडे बघ. आजोबा खाली बसतोय, गुडघे वाजले तर घाबरू नकोस. ती बाळाची गोष्ट ना, ती खोटी होती. पोटातलं बाळ असं कुणाच्या आवाजानं उठत नाही. तू ओरडलीस म्हणून आईला काही झालं नाही. ते आपलं आपणच दुखलं. तू बोललीस तरी चालेल, गायलीस तरी चालेल… नाही?… का नाही?… अगं आत्ताचं खरं आहे. मागचं खोटं, आत्ताचं खरं…

हॅलो. सांगितलं. सगळं सरळ सांगितलं… बघत होती माझ्याकडे. माझ्या ओठांवर बोट ठेवलं तिनं. माझ्या, पोरी. मलाच गप्प करतेय. जन्मात एकदा खरं बोललो, तर ऐकणारीला ती थाप वाटली. लांडगा आला रे आला म्हणतात ना, ते ओरडणारं पोरगं मीच.

तू सांग तिला?… ठकू, आई बोलतेय, घे कानाला… नाही. मागे सरकली, भिंतीला चिकटली. रिसीव्हरकडे असं बघतेय जसं काही बाळ त्याच्यातच झोपलंय… खरंच असेल गं तिच्या दृष्टीनं. पोट तुझ्याजवळ, तू फोनवर. मग बाळ फोनवरच झालं की.

रडू नकोस. तू रडलीस तर मी काय करू? मला कापता येतं, शिवता येतं… उसवता येत नाही असं नाही. उसवायला धागा कुठे सैल आहे ते बघावं लागतं.

…

पोरी. एक सांग. मघाशी मी दातांचं सांगत होतो ना, तेव्हा ती टेबलाखालून माझ्याकडे कशी बघत होती माहितीय? रागानं. मास्तरांच्या वेळी तर मान हलवत होती, जोरजोरात. मला वाटलं, बोलणार नाही म्हणतेय. ते तसं नव्हतं गं. नाही, नाही, असं म्हणत होती ती… मी तिच्या नावावर खपवत होतो ना सगळं.

तू फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. हुंदकासुद्धा नाही. मी रिसीव्हर टेबलाच्या कडेला धरतो… थापा नकोत म्हणतेस? अगं शेवटची. नीट मापाची शिवतो.

हं. तर काय सांगत होतो, आपली ठकू अजून फार लहान आहे बाई. काल म्हणाली, आजोबा, मला बटणं दोनपर्यंतच मोजता येतात… हो ना, दोनच. आणि म्हणाली, बाळ आलं की पाळण्यात आम्ही दोघं झोपू, मला पलंगावर भीती वाटते.

…बाहेर येतेय. गुडघ्यावर. तू बोलू नकोस.

आणि बूट? बूट ती उलटे घालते, डावा उजव्यात. म्हणते, मला कळतच नाही कुठला कुठे. बाटलीनं दूध मागत होती परवा, गळ्याला लाळेरं बांधून.

…उभी राहिलीय. गाल फुगलेत. एक हात ओठांवर आहे, दुसऱ्यानं माझा सदरा ओढतेय. ओढू दे.

मग समोरच्या काकूंनी विचारलं, काय गं ठकू, तू कितीची? तर म्हणते कशी, हे तर कुणाला खरं वाटायचंच नाही, म्हणते, मी तीनची आहे. अजून तीनसुद्धा पूर्ण नाहीत…

– साडेचार. मी साडेचारची आहे. द्या तो फोन इकडे. आई, आजोबा खोटं सांगतायत, सगळंच खोटं. मी काही म्हणजे काहीच बोलले नाहीये.