कादंबरीतला शिष्य

सेगेरी गावच्या दवाखान्यात तेनरी बसली होती. लांब केस राखून बायकी वेश करणाऱ्या बिस्सू पुजाऱ्यांवरची तिची कादंबरी नुकतीच गाजली होती. मागच्या बाकावर एक म्हातारा बिस्सू आणि त्याची भाची बोलत होती.

“मामा, कादंबरीत बिस्सूंची पूजा मोडायला निघालेले बंडखोर तुमच्या गुरूंना धरायला येतात, तेव्हा शिष्य कट्यार उपसून आडवा येतो. तिथंच मरतो बिचारा. रडलेच मी!”

“शिष्य एकच होता गं. मीच.”

“अगंबाई! मग?”

“बंडखोरांनी माझे केस कापले, मला पुरुषाची विजार चढवली. ‘ह्याला ओळखतोस?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘नाही.’ गुरू समोरच उभे होते.”

“लेखिकेला कळवू या?”

“नको गं. पुस्तकात तरी मी त्यांना एकटं सोडलं नाही.”

आतून तेनरीच्या नावाचा पुकारा झाला. तिला उठवेना.