साध्या गाठींची वही

सभेचे अध्यक्ष आदरणीय तोतारामभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला जीभ रेटत नाही त्या आमच्या डॉक्टर कुंदाबाई, आणि जळगावच्या बंधुभगिनींनो,

मी पुष्पाबाई, यांच्या दवाखान्यातली नर्स. चौदा वर्षांत माझं एकच वाक्य गावाला ठाऊक आहे, "रांगेत बसा." तेव्हा सांभाळून घ्या.

कुंदाबाईंनी आठ वर्षं एक वही चालवली. छातीत गाठ, पण साधी, अशा एकशे बारा बायका तिच्यात. मी म्हणायची, साधी आहे ना, मग सोडा की! त्या म्हणायच्या, "पुष्पा, आज साधी म्हटलेली उद्या कुणाची बिघडेल, हे कळायला नको?" म्हणून दर कार्तिकात कार्ड पाठवून बोलवायचं, तपासायचं आणि विचारायचं. मुलं किती? पहिलं कितव्या वर्षी? आईला, मावशीला असलं काही? अध्यक्षमहाराज, छताकडे पाहू नका, हे शास्त्र आहे! वयाचं तर बोलूच नये. एक बाई पहिल्या वर्षी चाळीसची होती, तिसऱ्या वर्षी छत्तीसची.

पंचावन्न साली असोद्याच्या झुंबरबाईंचं कार्ड हातात धरून बाई आल्या. वर्षातून एकदा दिसणारी बाई, त्यात डोक्यावरून पदर. तपासलं तर गाठ गायब! कुंदाबाई हरखल्या. मग प्रश्न. मुलं? "तीन."

कुंदाबाईंनी वहीची पानं उलटली. "झुंबरबाई, गेल्या साली सहा होती. बाकीची तीन कुठं गेली?"

"ते माह्या जेठानीचे पोरं हायेत. झुंबरबाई तीच. ती कापूस वेचते. मले म्हने, तू जाय. घरातलं एक मानूस गेलं म्हंजे झालं!"

मी हसले. कुंदाबाई हसल्या नाहीत, त्यांनी टांगा मागवला. शेतात लुगड्याचा आडोसा धरून खऱ्या झुंबरबाईंना तपासलं. गाठ बिघडायला लागली होती. मुंबईला जाऊन ऑपरेशन करायला हवं होतं, तेही लगेच.

"वेचनी झाली का जाईन," झुंबरबाई म्हणाल्या.

कुंदाबाईंनी पदर खोचला आणि शेजारच्या ओळीत वेचायला लागल्या. "चला, लवकर आटपू." त्यांनी बोंडांसकट झाडं ओरबाडलेली पाहून झुंबरबाईंनी हात टेकले आणि मुंबई कबूल केली. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, जाऊबाईंसकट. मला फार बरं वाटतंय.

कुंदाबाई, वही आता मी चालवीन. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. आणि झुंबरबाई, जाऊबाई आल्या त्या दिवशी तुमच्या नावापुढे 'हजर' लिहिलं ते मी. कार्ड पाहिलं, तोंड पाहिलं नाही. तीन वर्षं तुमच्यापुढे हे म्हणायचा धीर झाला नाही. मला माफ करा.