वामनरावांची बुरशी

मंडळी, माईकपाशी या म्हणालात, आलो. मिलच्या भित्तिपत्रकात तुम्हा सगळ्यांची टिंगल करणारा मी, आज मला वाक्य सुचत नाही. काहींना बरं वाटलं असेल. वाटू द्या.

वामनराव आपल्या कागद मिलचे केमिस्ट. भाताचं तणस शिजवून उरलेलं काळं पाणी आपण नाल्यात सोडतो. नाला तलावात जातो. पाणी प्रदूषणाचा नवा कायदा आला, तेव्हा मिलनं 'पाणी स्वच्छ ठेवा' अशी नुसती पाटी रंगवली. वामनरावांनी बुरशी आणली. साकोलीपलीकडच्या जंगलातून, एका सडक्या ओंडक्यावरची, पांढरी. हौदात वाढवली. काळ्या पाण्याचा रंग ती खात होती. पाणी चहासारखं झालं, मग फिक्या चहासारखं. आपण हसलो. मी तर सगळ्यांत जास्त.

तलावात मासे धरणारे नथ्थूभाऊ इथंच मागं बसलेत. हौदात गूळ पडताना पाहून ते म्हणाले होते, "काहून जी साहेब, घरी बाईच्या चहाले गूळ नाही, अन् बुरशीले चारून राहिले?"

वामनराव म्हणाले, "बाई उपाशी राहिली तर मला बोलते. ही उपाशी राहिली तर तुमचे मासे मरतात."

सोमवारी वामनराव गेले. हृदय थांबलं, एवढंच.

माणूस गेला की आपण घर धुतो. तुम्ही त्यांची खोली धुतलीत. मायेनं धुतलीत. हौदही घासलात, ब्लीचिंग पावडर टाकून. "साहेबाचा हौद लय घाण झाला होता जी, चकाचक केला," हे सांगताना रामाजी, तुम्ही रडत होतात. छान केलंत, म्हणालो.

नथ्थूभाऊंनी मला फाटकावर विचारलं, "बुरशी तर मेली, मंग दुसरी आना ना जी तिथूनच."

तिथून म्हणजे कुठून? ओंडका कुठला, ते वामनरावांनाच ठाऊक. जंगल मोठं आहे. सडके ओंडके पुष्कळ आहेत.

उद्या सकाळी नथ्थूभाऊ आणि मी निघतोय. दोघांनाही ती बुरशी ओळखता येत नाही. ज्यांनी हौद घासला त्यांनी तिला जवळून पाहिलंय. रामाजी, तुम्ही चला.

आता उभे राहू या. कुणी बोलू नका, खोकूही नका. मिल आज बंद नाही. खिडकीखालून नाला वाहतोय. वामनरावांसाठी दोन मिनिटं तेवढा ऐका.